आग : निरंक

जीवित आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची पहिली पायरी म्हणजे फलक होय. दिग्रसच्या धवलधारा जिनिंगमध्ये अशा एकोणीस पायऱ्या होत्या. 'धूम्रपान निषिद्ध' हा फलक बिडी ओढताना पाठ टेकायला सोयीचा होता. 'या दरवाजासमोर गाठी रचू नयेत' हा फलक कापसाच्या गाठींच्या मागं होता. तो वाचायचा तर आधी गाठी हलवाव्या लागत, म्हणजे जो वाचेल त्यानं तो पाळलेलाच असे. (शंभर टक्के अंमलबजावणी म्हणतात ती हीच.)

अग्निसुरक्षा प्रमुख हे पद जब्बार फिटरकडे आलं ते निव्वळ गुणवत्तेवर. डॉक्टरनं छातीचा फोटो दाखवल्यापासून त्यानं बिडी सोडली होती, आणि अख्ख्या जिनिंगमध्ये खिशात काडेपेटी नसलेला तो एकटाच निघाला. मॅनेजर पूनमसिंगनं त्याला दंडावर बांधायला लाल पट्टा दिला. पट्ट्यासोबत जबाबदारी आली. अधिकार मागाहून येणार होते. सव्वीस वर्षं ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घातलेल्या माणसाला पट्ट्याचं कोण अप्रूप. त्याची मुलगी नुजहत त्यावर रोज इस्त्री फिरवून द्यायची.

जबाबदारी म्हणजे तीन नंबरच्या जिनापाशी, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रापाशी, खिळ्याला टांगलेला आग विझवायचा सीलबंद लाल सिलिंडर. दर दसऱ्याला यंत्रांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. हळद, कुंकू, झेंडूची माळ आणि मुठीला नाडा. सात दसरे, सात नाडे. कापूस निवडायला येणाऱ्या बाया जाता-येता त्याला हात जोडत. जब्बार तो रोज फडक्यानं पुसायचा, आणि वर्षातून एकदा यवतमाळहून एक इसम येऊन त्यावर नवीन तारखेचं स्टिकर लावून जायचा. याला देखभाल म्हणत.

सिलिंडर वापरायची पद्धतही ठरलेली होती. नमुना 'क', तीन प्रतींत. त्यात आगीचं ठिकाण, आगीचं आकारमान, आणि 'आग विझवण्याचे कारण' असा एक रकाना. खाली मॅनेजरची सही.

सात वर्षांत तीन नंबरपाशी पाच वेळा रुई पेटली. पाचही वेळा बायांनी ओल्या बारदान्यानं बडवून ती विझवली. पण ओला बारदाना मान्यताप्राप्त साधनांच्या यादीत नव्हता, आणि अमान्य साधनानं विझते ती आग मान्य कशी करायची? नोंदवहीत पाचही वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं, 'आग : निरंक'.

सहावी आग मंगळवारी दुपारी लागली. बुधवारी विम्याचा तपासणीस येणार होता, आणि पूनमसिंग अग्निसुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायला यवतमाळला गेला होता. कापसातून एक खडा जिनात गेला, ठिणगी उडाली आणि समोरच्या रुईच्या ढिगानं पेट घेतला. जब्बारनं पद्धतीप्रमाणं फोन लावला.

"साहेब, रुईले आग लागली."

"हळू बोल, इथं लेक्चर चालू हाय. किती लागली?"

"सध्या थोडी हाय. तुमची परवानगी येईलोक वाढन."

"सील तोडू नको जब्बार. उद्या तपासणी हाय. सील तुटलेलं दिसलं त विमा लटकला, मंग मालक तुलेही लटकवतीन आन् मलेही. नमुना भरून ठेव, मी आलो का सही करतो."

कोकिळा ही निवडाईची सगळ्यात जुनी बाई. तिनं पिण्याच्या पाण्याच्या टाकीत बारदाना बुचकळला होता आणि तो निथळवत ती उभी होती.

"जब्बारभाऊ, ठेवा न तो फोन. आग काय लाईनवर हाय का?"

"साहेब म्हणते सील तोडू नको."

"मंग साहेबालेच फुंकाले बलवा."

जब्बारनं एकदा दंडावरच्या पट्ट्याकडं पाहिलं, एकदा आगीकडं. मग चाकू काढून सातही नाडे कापले, सील तोडलं, आगीकडं तोंड करून मूठ दाबली.

सिलिंडर फुसकला. तोंडातून थोडं कुंकू उडालं आणि पाठोपाठ एक कोळी बाहेर आला. तो इकडंतिकडं पाहून पुन्हा आत गेला.

"दाबा अजून," कोकिळा म्हणाली. "आत त्याचे पोट्टे असतीन."

जब्बारनं सिलिंडर खाली ठेवला आणि पेटती रुई दोन्ही हातांनी ओढून बाजूला फेकली. बायांनी ती बारदान्यानं बडवली. अकरा मिनिटांत आग विझली. जब्बारचे दोन्ही तळवे सोलून निघाले.

संध्याकाळी त्याला कारणे दाखवा नोटीस मिळाली. आरोप एक, विनापरवाना सील तोडणे. आरोप दोन, पूजनीय उपकरणाचे नाडे कापणे. आरोप तीन, कारखान्याचे अग्निशामक द्रव्य आगीवर खर्च करणे. आपणांस सेवेतून कमी का करू नये, याचा खुलासा सकाळपर्यंत लेखी द्यावा. तळव्यांना पट्ट्या असल्यानं खुलासा नुजहतनं लिहिला. मुलगी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती, फी बापाच्या पगारातून जायची, त्यामुळं तिनं फार विचार करून एकच वाक्य लिहिलं : 'वडिलांनी सिलिंडर वापरला हे खरे, परंतु त्यात वापरण्याजोगे काहीच नव्हते.'

चौकशी रीतसर झाली. सिलिंडर काट्यावर ठेवला. भरला तीन किलो शंभर. सात वर्षांपूर्वीची आवक नोंद काढली. तीन किलो शंभर.

पूनमसिंगनं चष्मा पुसला. "म्हणजे काहीच खर्च नाही झालं."

"नाही झालं साहेब."

"म्हणजे तू वापरलाच नाही."

जब्बार पट्ट्या बांधलेल्या हातांकडं बघत बसला. नोकरी वाचत होती, हे त्याच्या लक्षात आलं होतं. "नाही वापरला," तो म्हणाला.

तिसरा आरोप बाद झाला. सिलिंडर वापरला नाही, म्हणजे वापरायची वेळ आली नाही, म्हणजे आग लागली नाही, या क्रमानं पहिलाही बाद झाला. सील आपोआप जीर्ण झालं असं ठरलं. नाड्यांबद्दल समज देण्यात आली. तळवे यंत्राच्या उष्णतेनं भाजले. पिण्याचं पाणी इतर कामास वापरल्याबद्दल कोकिळेला स्वतंत्र नोटीस निघाली. तिनं अंगठा तेवढा दिला आणि कागद चुलीसाठी घरी नेला.

तपासणीस दुपारी येणार होता, म्हणून स्टिकरवाल्या इसमाला सकाळीच बोलावून घेतलं होतं. त्यानं नवं सील लावलं, नवी तारीख चिकटवली. सिलिंडर परत खिळ्यावर गेला. (कोळी आतच होता.) तपासणीसानं तारीख वाचली, नोंदवहीत 'आग : निरंक' वाचलं आणि जिनिंग आदर्श असल्याचा शेरा दिला.

स्टिकरवाला तोवर पुढं निघाला होता. त्याच्या यादीत त्या दिवशी एक शाळा, दोन दवाखाने, एक मंगल कार्यालय आणि आपण सध्या ज्या इमारतीत बसून हे वाचता आहात तिच्यासारख्या चौदा इमारती होत्या. तारखा तो घरून लिहूनच निघतो. त्याच्या गाडीत वजनकाटा नाही.