चपलेने लावलेला नंबर

"मामा, जन्माचा दाखला मोबाइलवर निघतो हो," भाची तिसऱ्यांदा म्हणाली.

"तुला काय कळतंय? सरकारी काम आहे ते. पहाटे जाऊन नंबर लावावा लागतो," मामा म्हणाले आणि निघाले.

मामा पंचवीस वर्षांनी परदेशातून आले होते. आल्यापासून त्यांना कुणी काही करूच देत नव्हतं. रस्ता ओलांडताना भाची हात धरायची, रिक्षावाला पत्ता विचारायचाच नाही, फोनकडे बघायचा. आपल्याच देशात आपण पाहुणे झालो, हे मामांना फार लागलं होतं. एक तरी काम स्वतः, जुन्या पद्धतीने करून दाखवायचं, असा त्यांनी पण केला होता.

कचेरीचं दार बंद होतं. समोर चिटपाखरू नव्हतं. मामांनी पायातल्या चपला काढल्या, पहिल्या नंबराच्या जागी दाराला टेकवून ठेवल्या आणि अनवाणीच समोरच्या टपरीवर चहाला गेले. नंबर धरायची ही त्यांची जुनी, हमखास रीत.

थोड्या वेळाने एक बाई आल्या. दाराशी चपला पाहून "आत लादी पुसलेली दिसतेय" असं पुटपुटत त्यांनीही सँडल काढल्या. मग एक वकील आले. दोन जोड पाहिल्यावर त्यांना नियमाची खात्रीच पटली. शिपायाने दार उघडलं तेव्हा बाहेर ढीग होता. साहेबांचा हुकूम असणार, म्हणून त्यानेही बूट काढले. शेवटी साहेब आले. ढीग पाहून ते दचकले.

"वरून आदेश आलाय का रे?"

"आलाच असेल साहेब. सगळे पाळतायत."

साहेबांनी निमूट बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, तो लपवत ते आत गेले.

मामा परतले तर गर्दी आत. "बाजूला व्हा! पहिला नंबर माझा!"

"कशावरून?" शिपायाने विचारलं.

"माझी चप्पल सगळ्यात खाली आहे!"

"काका, नंबर मशीन देतं. ते बटण दाबा."

मामांनी बटण दाबलं. नीट टेकायच्या आत त्यांचा नंबर पुकारला गेला आणि दाखला हातात पडला. कुणी हेलपाटा घालायला लावला नाही, कुणी डाफरलं नाही. पंचवीस वर्षं जपलेली भांडणाची तयारी फुकट गेली. मामांना रडूच यायचं बाकी होतं.

एवढ्यात बाहेर कालवा झाला. कामं चटाचट उरकून सगळे एकदमच निघाले होते आणि ढिगात कुणाचा जोड कुणाला सापडत नव्हता. वकिलांच्या एका पायात बाईंची सँडल होती. मामांनी बाह्या सरसावल्या.

"धक्काबुक्की नको! लाइन लावा! साहेब, तुम्हीसुद्धा! मागे, मागे!"

साहेब मागे गेले. मामांनी एकेकाचा जोड जुळवून दिला. लोक "आभारी आहे काका" म्हणत गेले. शेवटी दारापुढचा ओटा रिकामा झाला.

मामा भर उन्हात, अनवाणी, पाय उचलत घरी आले. भाची घाबरली.

"अगं बाई! मामा, काय झालं? चपला कुठायत?"

"चोरीला गेल्या!" मामांचा चेहरा आनंदाने फुलला होता. "उगाच सांगता सगळं बदललंय म्हणून. आपलाच देश आहे हा, आपलाच!"