'अबोला'चा पहिला भाग

रेडिओवर आजवर लोक नुसते बोलत आले आणि तिथेच सगळं चुकलं, असं सूचनावाल्यांचं ठाम मत होतं.

सूचनावाले हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण संध्याकाळच्या सूचना वाचण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उद्या पाणी येणार नाही, पूल दुरुस्तीसाठी बंद राहील, तपकिरी पिशवी सापडल्यास कळवावे. आवाज असा सपाट आणि भरवशाचा, की त्यांनी पाणी नाही म्हटलं आणि नळ वाहत असला तर लोक नळावरच संशय घेत. रस्त्याने निघाले की मागून हमखास ऐकू येई, "ते बघा, सूचनावाले चालले." ते त्यांच्या मनाला लागे. कारण आतून ते विनोदी नट होते. ही गोष्ट फक्त त्यांना आणि, नाइलाजाने, त्यांच्या बायकोला माहीत होती.

शेवटी केंद्राच्या संचालिका बाईंच्या मागे लकडा लावून त्यांनी स्वतःची मालिका मिळवली. लेखक तेच, नट तेच, दिग्दर्शकही तेच. मालिकेचं नाव 'अबोला'. एका नवरा-बायकोत अबोला धरला जातो आणि तो चांगला तेरा भाग टिकतो.

"रेडिओवर?" बाईंनी चष्मा काढून विचारलं.

"रेडिओवरच. तीच तर गंमत आहे."

"मग ऐकू काय येणार?"

"शांतता. पण विनोदी."

बाईंनी चष्मा परत लावला. "पहिला भाग थेट होऊ दे. श्रोत्यांचे फोन आले तर पुढचे बारा तुमचे. नाही आले, तर सूचना आहेतच जन्मभर."

तो 'जन्मभर' सूचनावाल्यांच्या काळजात रुतून बसला.

मग त्यांनी कशात म्हणून कसर ठेवली नाही. 'आता ऐका विनोदी मालिका' ही घोषणा आधी काढून टाकायला लावली. हसायचंय असं सांगितलं की माणूस ओठ आवळून बसतो, हा त्यांचा अनुभव. शेवटची सूचना वाचायची आणि त्याच सुरात, न सांगता न सवरता, नाटकात शिरायचं. बायकोच्या भूमिकेसाठी त्यांनी मेहुणीला धरलं. पहिल्या भागात तिला एकही वाक्य नव्हतं.

"मग मी कशाला येऊ, भावोजी?"

"समोर कुणीतरी गप्प बसलेलं लागतं. त्याशिवाय मला रंग चढत नाही."

"मग ताईला न्या की."

"तिला गप्प बसणं जमेल?"

हा मुद्दा मेहुणीला पटला.

राहता राहिला इंजिनियर. काचेपलीकडे बसणारा हा गृहस्थ तालमीत एकदाही हसला नव्हता. त्याचा चेहरा दिसला की सूचनावाल्यांची वाक्यं अडखळत. म्हणून त्यांनी काचेवर जाड पडदा लावून घेतला. कानावरचे हेडफोनही काढून ठेवले, शांतता कशी अंगावर आली पाहिजे.

"साहेब, एक सांगायचं होतं," इंजिनियर म्हणाला. "त्या शांततेचं असं आहे की..."

"शांततेचं मला सांगू नका. ती मी लिहिली आहे."

इंजिनियरला सांगायचं होतं ते एवढंच. प्रक्षेपणाच्या खोलीत एक यंत्र होतं. काही सेकंद आवाज आला नाही की ते समजे, बिघाड झाला, आणि आपणहून एक राखीव धून लावून देई. अबोला म्हणजे काय हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? धून निवडताना कुणीतरी संग्रहातली सगळ्यांत लांब धून घेऊन ठेवली होती. थोर माणसाच्या निधनानंतर वाजवायची, रडवी, संथ व्हायोलिन. यंत्रावर कधी वेळच आली नसल्यामुळे ती कुणी ऐकलेली नव्हती.

ठरल्या वेळी थेट प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. पाण्याची सूचना झाली, पुलाची झाली. मग सूचनावाले त्याच सुरात म्हणाले, "अगं, ऐकलंस का?"

मेहुणी चोख गप्प बसली. सूचनावाले थांबले. घराघरांत आता पहिलं हसू फुटत असणार, या हिशेबाने त्यांनी विराम आणखी ताणला.

पडद्यापलीकडे व्हायोलिन सुरू झालं. इंजिनियरने झेप घेऊन ते बंद केलं, तोवर पुढचं वाक्य आलं. "अशी गप्प का पडलीस? एक शब्द तरी बोल." पुन्हा विराम, पुन्हा व्हायोलिन. इंजिनियरने काच बडवली, पण काच आणि पडदा दोघांनी मिळून तो आवाज गिळला. दार उघडावं तर लाल दिवा लागलेला. यंत्रापासून हलावं तर पुढचा विराम टपून बसलेला. त्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

आत सूचनावाले रंगात आले होते. शेवटी नवरा रडकुंडीला येतो, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि तेही कशासाठी, तर मोज्यासाठी, यात हशा होता. "तुझ्याशिवाय या घरात माझं कसं व्हायचं?" ते कापऱ्या आवाजात म्हणाले. "चुकलं माझं. एकदा बघ तरी माझ्याकडे." मग त्यांनी सगळ्यांत लांब विराम घेतला आणि आपलं हुकमी वाक्य जीव ओतून म्हटलं, "निदान दुसरा मोजा कुठे ठेवलास तेवढं सांग."

मोज्याचं हे वाक्य जगात फक्त मेहुणीने ऐकलं. बाहेर व्हायोलिन वाजत होतं, यंत्राचं बटण अडकून बसलं होतं आणि इंजिनियर वायर उपटायला टेबलाखाली शिरला होता. वेळ संपेपर्यंत ते वाजतच राहिलं.

लाल दिवा विझला. सूचनावाल्यांनी दार उघडलं, तर केंद्रातले सगळे फोन एकदम वाजत होते. त्यांना भरून आलं. फोन घेणाऱ्या ऑपरेटरच्या डोळ्यांना तर धार लागली होती.

"इतकं?" त्यांनी नम्रपणे विचारलं.

"तुम्ही घरी जा," ती कशीबशी म्हणाली आणि एक रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. पलीकडे बायकोचे मामा होते, लांबच्या गावी राहणारे.

"जावईबापू, आम्ही निघालोय. आम्ही येईपर्यंत थांबा."

"कशासाठी?"

"धीर सोडू नका. पोरगी गेली, पण तुम्ही खंबीर राहायला हवं."

"कोणती पोरगी?"

"आमची. तुमची बायको. अहो, सगळ्या गावाला कळलंय."

सूचनावाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आपण आत मोजा शोधत बसलो, घरी हे घडलं, गावाला कळलं आणि नवऱ्यालाच पत्ता नाही. त्यांनी घरचा नंबर फिरवला. घरचा फोन लागेना. मेहुणीने त्यांचा चेहरा पाहिला, "ताई?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. धुळीने माखलेला इंजिनियर धावत आला.

"साहेब, ती धून..."

"मला आता कसलीही धून ऐकवू नका," सूचनावाले म्हणाले आणि जिना उतरले.

गाडीची वाट बघायचं भान नव्हतं. ते पळत सुटले, मागून मेहुणी. शिंपी मशीन थांबवून उभा राहिला. न्हाव्याने गिऱ्हाइकाला तसंच फेसात सोडलं आणि दारात येऊन मान खाली घातली. सूचनावाल्यांची उरलीसुरली शंकाही फिटली. त्यांना आता बारा भाग नको होते, एकही नको होता. जन्मभर सूचना वाचायला ते तयार होते, फक्त त्या ऐकायला ती घरी हवी होती. मालिकेच्या नादात सकाळपासून तिच्याशी एक शब्द धड बोललो नाही, हे आठवून त्यांना पळता पळता रडू फुटलं.

जिन्यावर माणसं, दाराशी चपलांचा ढीग. गर्दीने मुकाट्याने वाट करून दिली. उंबऱ्यातच मेहुणीने हंबरडा फोडला.

"हळू," आतून आवाज आला. "चहा सांडेल."

बायको हातात ट्रे घेऊन उभी होती.

सूचनावाले मटकन खाली बसले. सगळ्यांच्या देखत त्यांनी तिचा हात धरला आणि सोडेनात.

"आता तुम्हीसुद्धा?" ती म्हणाली. "या सगळ्यांना मघापासून सांगतेय की मी जिवंत आहे. फोन खाली ठेवायची सोय नाही. कुणाला पटतच नाही."

"अहो, पण सूचनावाल्यांच्या तोंडून ऐकलं ना आम्ही, वर ते रडवं व्हायोलिन," खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. त्यांनी दोन वर्षांपूर्वी नेलेली कढई घाईघाईने परत आणली होती.

इतक्यात फोन वाजला. केंद्राच्या बाई होत्या. सूचनावाल्यांनी जन्मभर सूचना वाचायची मनाची तयारी केली.

"फोन आले," बाई म्हणाल्या. "या केंद्राला इतके कधीच आले नव्हते. मी शब्द दिला होता, बारा भाग तुमचे. शांतता झाली की व्हायोलिन लावणारं ते यंत्र इंजिनियर तेवढ्यापुरतं बंद ठेवणार आहे. आणि हो, तुमच्यासाठी तीन स्थळं आली आहेत. ती मी उतरवून घेतलेली नाहीत."

"कसली स्थळं?" शेजारी कान लावून बसलेल्या बायकोने विचारलं.

"एकच अट," बाई पुढे म्हणाल्या. "दर भागाच्या आधी तुमच्या मिसेसनी स्वतः येऊन सांगायचं, की त्या सुखरूप आहेत."

आता 'अबोला' नेमाने चालू आहे. सुरुवातीला बायको माइकसमोर येते, म्हणते, "मी बरी आहे. आता हे गप्प बसतील," आणि घरी जाते. एवढ्या वाक्यावर सगळं गाव खो खो हसतं. मग लोक रेडिओ बंद करतात, असं मेहुणी शपथेवर सांगते. सूचनावाल्यांना ते मान्य आहे. पण त्यानंतर घराघरांत जी शांतता पसरते ती आपल्याच मालिकेची, असं त्यांचं म्हणणं आहे.