सुंदररावांच्या गोळ्या बंद होतात

गावात माणसाची पत ठरायला पूर्वी शेत, बैलजोडी आणि मिशा लागत. आता गोळ्या लागतात. नेकनूरचे सुंदरराव, पंचायत समितीतून निवृत्त झालेले कारकून, या बाबतीत पहिल्या रांगेत होते. जेवण झालं की ते ओसरीवर बसून ताटलीत चौदा गोळ्या मांडत. (रंग सहा, उपयोग बहुतेकींचा अज्ञात.) येणारा-जाणारा आदबीनं थांबे. शेजारच्या शहादेवला एकच गोळी होती. तो बिचारा पायरीवरच बसे.

मग एका सकाळी सुंदरराव न्हाणीत चक्कर येऊन पडले. हाड शाबूत राहिलं, पण रुक्मिणीबाईंचा धीर सुटला. त्यांनी नवऱ्याला बीडला, डॉक्टर पंचशीलाताईंकडे नेलं.

ताईंनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतल्या.

"काका, ही कशाची?"

"रक्तदाबाची."

"हिनं पाय सुजतात. ही?"

"सुजेची."

"हिनं रात्री सारखं लघवीला उठावं लागतं. ही?"

"झोपेची."

"आणि ही, झोपेच्या गोळीनं येणाऱ्या चकरेची. बरोबर?"

सुंदररावांचा ऊर भरून आला. एक टेबल दुसऱ्या टेबलासाठी काम तयार करतं, असा शिस्तीचा कारभार त्यांनी कचेरी सोडल्यापासून पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी मात्र तपासण्या करत, हळूहळू, चौदातल्या दहा गोळ्या बंद केल्या आणि रक्तदाबाची बदलून दिली. चक्कर थांबली. पायांची सूज उतरली. सुंदरराव सकाळी बाजारतळापर्यंत फिरून येऊ लागले. कर्त्या माणसाची इतकी अधोगती गावानं पाहिली नव्हती.

"गोळ्या बंद केल्या? म्हंजे डॉक्टरनं हात टेकले की," शहादेव पारावर म्हणाला.

तर्क बिनतोड होता. औषध चालू, तर आशा चालू. लोक भेटायला येऊ लागले. (सरासरी माणशी दोन केळी आणि एक सुस्कारा.) सुंदरराव ताडकन उठून चहा सांगत, तेव्हा पाहुण्यांना जास्तच भरून येई.

धाकटी बहीण बायनाबाई धारूरहून आली. तिला आणायला सुंदरराव स्वतः स्टँडवर गेले, तिची जड पिशवी खांद्यावर टाकली आणि झपझप चालू लागले. मागून ती रडत येत होती.

"दादा, लई तरास होतोय का रं?"

"काहीच होत न्हाई."

"तेच तर!" म्हणून तिनं पदर तोंडाला लावला.

घरी आल्यावर तिनं स्वतःच्या गोळ्या काढल्या आणि एक भावाच्या तळहातावर ठेवली. "माझी घे. मला लई गुण हाय हिचा."

खरं म्हणजे सुंदररावही आतून धास्तावले होते. रोज इतकी माणसं रडायला लागली की आपल्या तब्येतीवरचा विश्वास उडतोच. त्यांनी गोळी तोंडाशी नेली आणि थांबले.

"बायना, ही कशाची हाय?"

"पांढरी हाय ती."

"पर कशाची?"

"मालक गेले तवा दिल्ती डॉक्टरनं. झोप येत न्हवती. तवा नातू पाळण्यात होता, आता कालेजात जातोय. बंद कर म्हनून कुनी म्हनलंच न्हाई, दादा."

सुंदररावांनी गोळी तिच्या हातात परत ठेवली आणि ती मूठ तशीच धरून बसले. दुसऱ्या दिवशी दोघं बीडच्या गाडीत बसले.

आता बायनाबाईच्याही गोळ्या कमी होत आहेत. दोघं भावंडं ठणठणीत आहेत, आणि याबद्दल दोन्ही गावांत थोडी नाराजी आहे.

असो. वाचता वाचता तुमचीही गोळीची वेळ झाली असेल. घ्या. कशाची आहे, ते सवडीनं विचारा.