गाऱ्हाणं चौथ्यांदा

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता सहदेव परबांनी कॅमेऱ्याचं बटण दाबलं आणि घरातल्या सगळ्यांना सांगितलं, “आता दहा मिनिटं याला कुणी हात लावायचा नाही.”

“मी कशाला लावते? मला शिरा ढवळायला दोन हात पुरत नाहीत,” त्यांच्या पत्नी जानकीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

कांदिवलीच्या नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, परबांच्या घराची आज पूजा होती. पूजेच्या निमित्ताने सहदेवांचे बाळाकाका कणकवलीकडच्या गावाहून आले होते. वय चौऱ्याऐंशी. गावी गाय व्यायला झालेली, त्यामुळे रात्रीच्या गाडीने परत निघायचं होतं. म्हणजे जे काही करायचं ते आजच्या दिवसात.

करायचं होतं ते एवढंच, की काकांचं गाऱ्हाणं कॅमेऱ्यात धरून ठेवायचं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून घराच्या वतीने मोठ्याने केलेली विनवणी. एकाने सांगायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. परबांच्या गाऱ्हाण्यात गावाच्या सीमेवरच्या सोळा राखणदारांची, म्हणजे गाव राखणाऱ्या देवांची, नावं ओळीने येत. ती ओळ आता एकट्या काकांना येत होती. सहदेवांना पाच नावं यायची, त्यातली दोन पुन्हा तीच असायची.

गेल्या वर्षी सौरभने, म्हणजे सहदेवांच्या मुलाने, गावी जाऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं. सातव्या राखणदाराला पार्सलवाल्याचा फोन आला आणि रेकॉर्डिंग तुटलं. झालेला अर्धा भागही मोबाइलसकट गावच्या विहिरीत गेला. तेव्हापासून काकांनी मोबाइलचं नाव टाकलं होतं. “देवाक सांगतंय तेवा मधी दुसऱ्याचो फोन नको,” ते म्हणत.

राहता राहिला सहदेवांचा कॅमेरा. खिशात मावेल एवढा, चंदेरी, आठ वर्षांचा. फोटो छान काढायचा, पण व्हिडिओत त्याची नजर भरकटायची. सौरभच्या मेहुण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत नवरानवरी धुक्यात उभी होती आणि त्यांच्या मागचं आग विझवायचं लाल नळकांडं मात्र इतकं स्पष्ट आलं होतं, की त्यावरची मुदत संपल्याची तारीख वाचता येत होती.

परवा सहदेवांना कंपनीच्या वेबसाइटवर दिसलं, की या कॅमेऱ्यासाठी फर्मवेअरचा अपडेट आला आहे. व्हिडिओ पूर्वीपेक्षा बारकाव्याने घेतो, माणसाचा चेहरा ओळखतो आणि त्यावरून नजर काढत नाही. विक्रोळीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला सूचना वाचायचा कंटाळा नव्हता. त्यांनी त्या दोनदा वाचल्या.

पाचवीतली नात, सौरभची मुलगी श्रुतिका, बाजूला बसून बघत होती. तिने विचारलं होतं, “आजोबा, कॅमेरा जुना तो जुनाच ना? मग व्हिडिओ चांगला कसा येणार?”

असा प्रश्न कुणी विचारला की सहदेवांचा चेहरा उजळायचा. “तू पहिलीत होतीस तेव्हा वर्गात कुठे बघायचीस?”

“खिडकीबाहेर.”

“आणि आता?”

“फळ्याकडे.”

“मग तुझे डोळे बदलले का?”

“नाही. बाई बदलल्या.”

“बरोबर. फर्मवेअर म्हणजे आतल्या बाई. डोळा तोच. कुठे बघायचं, काय सोडायचं, ते आतून शिकवायचं.”

“आमच्या नव्या बाई एकच गोष्ट चार चार वेळा सांगतात,” श्रुतिका म्हणाली. “पाठ होईपर्यंत सोडतच नाहीत.”

तर रविवारी साडेनऊला आतल्या बाई कॅमेऱ्यात शिरत होत्या. कॅमेरा टीव्हीजवळच्या स्टुलावर, तोंड देव्हाऱ्याकडे. मागच्या पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि पुढचा बारका दिवा लुकलुकत होता. अपडेट चालू असताना कॅमेरा बंद करू नये, काढू नये, हलवू नये, असं सूचनांमध्ये तीनदा लिहिलं होतं.

काका अंघोळ करून बाहेर आले. देव्हाऱ्यापुढे नारळ मांडलेला, सहदेव हात मागे बांधून उभे, समोर दिवा लुकलुकतोय. काकांनी त्या दिव्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. ते पाटावर बसले, उपरणं सारखं केलं आणि खणखणीत आवाजात सुरू झाले.

“बा देवा म्हाराजा, आज ह्या परबांच्या लेकरान नवीन घर घेतलेला आसा...”

सहदेवांनी पडद्याकडे पाहिलं, हिरवी पट्टी अजून अर्ध्यावरही नव्हती. गाऱ्हाणं एकदा सुरू झालं की मध्ये थांबवायचं नसतं, हे त्यांना लहानपणी पाठीवर धपाटा खाऊन कळलं होतं. त्यांनी दोन्ही हात हलवून खूण केली. काकांना वाटलं, पोरगा भक्तीने हात जोडतोय.

“व्हय म्हाराजा,” सगळे म्हणाले. सहदेवही म्हणाले. त्यांच्या आवाजात मात्र रडू होतं.

सोळाच्या सोळा राखणदार आले. काकांनी शेवटी मागणं मागितलं, “जा काय अर्धवट ऱ्हवला आसात, ता पुरा करून दी रे म्हाराजा.” आणि त्याच क्षणी हिरवी पट्टी पुरी झाली.

“व्हय म्हाराजा,” सहदेव मनापासून म्हणाले.

काका वळले. “इला मां सगळा?”

“काका, तो तेव्हा शिकत होता,” सहदेव चाचरत म्हणाले. “आता शिकलाय. परत एकदा सांगाल?”

“परत? देव काय बहिरो आसा?”

जानकीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. “काका, घराचं झालं. पण माझ्या स्वयंपाकघराचं कुठे झालंय? जुन्या चाळीत ओटा नव्हता, आता आहे. त्याचं देवाला कळवायला नको?”

काकांनी विचार केला. मुद्दा बिनतोड होता. “ता मात्र खरा. रांदपाच्या खोलयेक येगळा सांगूक होया.”

नारळ ओट्यावर मांडला. नव्या शिस्तीच्या कॅमेऱ्याने आधी स्वतःचं नाव-गाव विचारलं, म्हणजे तारीख, वेळ, भाषा. जुनं सगळं तो विसरला होता. सहदेवांनी घाईत दाबलेल्या बटणाने एक अनोळखी लिपी आली. सौरभने अंदाजाने चाचपडत इंग्रजी परत मिळवलं. काका सुरू झाले, लाल ठिपका पेटला, चित्र काय सुरेख. काकांच्या भुवईचा केस न् केस मोजावा. आणि अकराव्या सेकंदाला कॅमेरा थांबला.

पडद्यावर लिहिलं होतं, की कार्डाचा वेग कमी पडतो.

“असं कसं? इतकी वर्षं याच कार्डावर चाललं ना?” सहदेव सौरभच्या कानात कुजबुजले.

“पप्पा, आधी तो कमी बघायचा, म्हणून कमी लिहायचा. आता जास्त बघतोय. कार्डाचा हात दुखला.”

“मग आता?”

“स्टेशनजवळून फास्टवालं कार्ड आणतो. व्हय म्हाराजा,” शेवटचे दोन शब्द मोठ्याने म्हणून सौरभ चपला घालून निघाला. ओट्यापाशी काका सोळाव्या राखणदाराकडे पोचत होते. श्रुतिका नारळाचं ताट सावरत उभी होती आणि ‘व्हय म्हाराजा’ इतरांच्या आधीच म्हणून मोकळी होत होती.

सौरभ अर्ध्या तासात येईल असा अंदाज होता. पण लिफ्ट बंद पडली होती. तो अकरा मजले उतरला ते ठीक, चढताना मात्र सातव्या मजल्यावर बसून राहिला. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधले चंद्रप्रकाश दारात आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी.

“सहदेवभाऊ, सुबह से आवाज आ रही है. एकदम झकास,” ते म्हणाले. “काकाजी लिफ्ट के लिए भी बोलेंगे क्या? मेकॅनिक तो फोन नहीं उठा रहा.”

सहदेव नको म्हणणार होते. कार्ड आलं नव्हतं आणि बॅटरी चार्जरला लावलेली होती. पण दारात आलेल्या माणसाला काका कधी परत पाठवत नसत. नारळ लिफ्टच्या बंद दारापुढे गेला. “बा देवा म्हाराजा, ही पेटी मधीच अडाकता...” मजल्यावरचे सगळे बाहेर आले. ‘व्हय म्हाराजा’ गुजरातीत, हिंदीत आणि कोकणीत घुमलं. श्रुतिका काकांच्या शेजारी मांडी घालून बसली होती आणि तिचे ओठ सारखे हलत होते. तिकडे बघायला कुणाला वेळ नव्हता. सहदेव तर चार्जरच्या दिव्याकडे बघत घरातच बसले होते.

पूजा झाली, जेवणं झाली. संध्याकाळी पाचला कॅमेऱ्यात नवं कार्ड होतं, बॅटरी भरलेली होती, तारीखही बरोबर होती. काकांची पिशवी दाराशी ठेवलेली. सहदेव त्यांच्यापुढे बसले. “काका, प्रवासाचं गाऱ्हाणं राहिलंय. सुखरूप पोचायचं.”

काका दमले होते, पण हसले. “माका ठावक आसा रे तुका काय होया ता. बस.”

लाल ठिपका पेटला. बारावा सेकंद गेला, तिसावा गेला. कॅमेरा नीट चालला होता. काकांचा आवाज मात्र सकाळसारखा नव्हता. ते नारळावर वाकून हळूहळू सांगत होते. एक राखणदार, दोन, पाच, आठ. नवव्याला ते थांबले. सहदेव लाल ठिपक्याकडेच बघत राहिले. क्षणभराने काका पुढे सरकले. अकराव्याला पुन्हा थांबले, पुन्हा सरकले. शेवटी सोळावा आला. सहदेवांनी बटण दाबलं आणि डोळे पुसले.

“लाव बघूया,” काका म्हणाले.

टीव्हीला वायर जोडली. चित्र आलं आणि सहदेवांचा चेहरा पडला. पुढे काका होते, पण धूसर. त्यांनी मान खाली घातलेली, त्यामुळे कॅमेऱ्याला त्यांचा चेहरा सापडलाच नव्हता. त्याने मागे बसलेल्या श्रुतिकाचा सरळ समोर असलेला चेहरा पकडला होता आणि शेवटपर्यंत सोडला नव्हता. तिच्या कपाळावरची बट, नाकावरचा शिऱ्याचा कण, सगळं लख्ख.

“वाट लागली,” सहदेव म्हणाले. “बाईंनी चुकीच्या मुलाकडे बघायला शिकवलं.”

“पप्पा, थांबा. मागे घ्या जरा,” सौरभ म्हणाला.

मागे घेतलं. नवव्या नावापाशी काका थांबले. पडद्यावर श्रुतिकाचे ओठ हलले, हळूच आवाज आला, “माळावरचो.” मग काका म्हणाले, “माळावरचो राखणदार.” अकराव्याला पुन्हा तेच. तेराव्यापासून तर ती एक नाव पुढेच होती आणि काका तिच्या मागून.

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. श्रुतिकाला वाटलं, आपण काहीतरी चुकलो. “काका अडकले, म्हणून मी सांगितलं,” ती म्हणाली. “सकाळपासून तीनदा तर झालं होतं.”

“काका, तुमचा चेहरा नाही आला हो,” सहदेव कसेबसे म्हणाले.

“नाय इलो तर नाय इलो,” काका पिशवी उचलत म्हणाले. “ज्येच्या तोंडात ता ऱ्हवाक होया, त्येचा तोंड इला मां?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात चंद्रप्रकाश होते. लिफ्ट सुरू झाली होती. आता पाण्याचा पंप बंद पडला होता.

“काकाजी हैं क्या?”

“ते गेले गावाला,” सहदेव म्हणाले. त्यांनी जरा विचार केला आणि आत वळून हाक मारली, “श्रुतिका, शाळेला अजून वेळ आहे ना? नारळ घेऊन ये.”

त्यांचा हात सवयीने कॅमेऱ्याकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला खाली बसले.