कुमुदबाईसाहेबांचे पाकीट दक्षिणेस गेले, त्याची हकीकत

श्रीगजवदनास नमन करून, आणि टपालाच्या लाल पेटीस दुरून हात जोडून, लिहिणार लिहितो ऐसा जे : शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध सप्तमीस एका राज्यावर मोठा घोर आला. राज्य म्हणाल तर दोन खोल्या आणि एक गॅलरी, आणि गादीवर कुमुदबाईसाहेब, उमर एकाहत्तर. यांचे यजमान कैलासवासी दिगंबरपंत बियाण्यांच्या कंपनीत फिरतीचे चाकरीस होते, आणि जेथे मुक्काम पडे तेथून पोस्टकार्ड टाकीत, 'आज येथे पोचलो, प्रकृती ठीक', बस, एवढेच. आणि गावोगाव च्युइंगमच्या पुड्या घेऊन त्यांतील क्रिकेटपटूंची कार्डे जमवीत, आणि च्युइंगम बाईसाहेबांस चघळावयास लावीत. मग अखेरचे फिरतीत 'उद्या घरी येतो' ऐसे कार्ड आले आणि पंत आले नाहीत. मुक्कामीच हृदय बंद पडले. घरी पोचल्याचे पत्र तेवढे राहून गेले, आणि ते बाईसाहेबांचे मनातून सोळा वर्षे हलले नाही.

पुढे बाईसाहेबांनी विचार केला की, ही कार्डे पेटीत पिवळी पडतात, त्यापेक्षा हौशी लोकांचे हाती जावीत. मग पुतणी शर्वरी इने फोनवर दुकान मांडून दिले, आणि एकेक कार्ड देशोदेशी जाऊ लागले. रीत ऐसी की, कार्ड प्लॅस्टिकचे खोळीत घालावे, दोहों बाजूंस पुठ्ठ्याचा तुकडा लावावा म्हणजे दुमडत नाही, मग स्वस्तातले पाकीट, आणि पाकिटास नंबर, तो फोनवर घातला असता पाकीट कोणते ठाण्यास पोचले ते दिसे. परंतु एक कार्ड विकावयाचे नव्हते. ते पंतांनी स्वहस्ते केलेले, वर बाईसाहेबांची तरुणपणची तसबीर डकविलेली, खाली शाईने 'कुमुद. डावखुरी. चिडल्यास फलंदाजी आक्रमक', आणि पाठ कोरी. बाईसाहेब रोज चहाचे वेळी ते काढीत, दोन शब्द बोलत आणि टेबलावरच पालथे ठेवून देत.

सप्तमीस इरण्णा मास्तर नामे दक्षिणेकडील एका गिऱ्हाइकाचे पाकीट भरताना बाईसाहेबांचा चष्मा कपाळावर होता, आणि स्वारी तोच चष्मा टेबलावर धुंडीत होती. पाकीट रवाना जाहले. मग चहा जाहला, कार्ड पाहो गेल्या तो कार्ड नाही. पुठ्ठ्याचे तुकडे मोजून दोन कापिले होते, त्यांतील एक टेबलावर तसाच. तेव्हा उमगले की, दुसऱ्या पुठ्ठ्याचे जागी कोरी पाठ वर करून आपणच दक्षिणेस गेलो. गिऱ्हाईक आतले कार्ड घेते आणि पुठ्ठे केरात टाकिते, हे बाईसाहेब जाणून होत्या.

मग मास्तरांस निरोप धाडिला, 'आतला पुठ्ठा टाकू नये, ती माझी वस्तू आहे.' उत्तर नाही. फोन केला, तो बंद. तिसरे दिवशी नंबरावर शेवटचे ठाणे दिसले आणि पुढे काहीच नाही. शर्वरीस विचारिले, ती म्हणाली, "काकू, स्वस्तातल्या पाकिटाचं एवढंच दिसतं. घरी पोचल्याची नोंद त्यात नसतेच."

"नसतेच का गं?" इतुकेच बाईसाहेब बोलिल्या, आणि आठ दिवस चहा गार होऊ लागला.

मग रविवारी फोन वाजला. "बाई, मी इरण्णा मास्तर बोलतोय बघा. माझी सवय वाईट हाय. पाकिटं आली की देवाजवळ ठेवतो, एक रविवार सोडून फोडतो. आणि तवर फोनबी बंद. वाट बघण्यातच मजा असती की."

बाईसाहेबांनी फोन दोहों हातांनी कानाशी धरिला.

"एकाचे पैसे दिले आणि कार्डं दोन निघाली," मास्तर बोलिले. "दुसरं कुठल्या संचातलं म्हणून दिवसभर यादी चाळली. मग तुमचा निरोप बघितला. डावखुऱ्या तुम्हीच का हो?"

"मीच," बाईसाहेब बोलिल्या आणि रडल्या. मास्तरांनी त्यांस रडू दिले, मग म्हणाले, "उद्या चांगल्या टपालानं लावून देतो. काळजी करू नका."

ते दिवसापासून बाईसाहेब नवा नंबर घेऊन गॅलरीत बसू लागल्या. आज या ठाण्यास पोचले, आज त्या ठाण्यास, आणि प्रत्येक ओळ वाचून बाईसाहेब मनाशी 'प्रकृती ठीक' ऐसी पुरवणी जोडीत. चौथे दिवशी पोस्टमन आला, सही घेतली, पाकीट दिले. आत कार्ड जाड काचेसारखे डबीत बसवून, जैसे हौशी लोक आपले अव्वल कार्ड बसवितात. बाईसाहेबांनी चहा दोन कप ओतिला. मग फोन उघडिला, तो नंबराखाली एक ओळ अधिक आली होती : 'घरी पोचले.' ती त्यांनी चष्मा नाकावर घेऊन वाचिली, आणि पुनः वाचिली, आणि म्हणाल्या, "फार उशीर केलात हो."

सारांश, पाकीट गेले आणि आले, सोळा वर्षांचे राहिलेले पत्र पावले. दुकान चालू आहे. पुठ्ठे हल्ली निळे वापरितात.