पत्र्यातले सासरे

सासरे ड्रॉइंग मास्तर होते. बारा वर्षांत त्यांनी जावयाला एकदाही 'जावईबापू' म्हटलं नव्हतं. ओळख करून देताना म्हणायचे, "हे आमच्या मुलीचे यजमान. पत्रा कापतात." पुढे पुस्ती ठरलेली, "कला वेगळी, कापाकापी वेगळी!"

हे जावयाच्या जिव्हारी लागलं होतं. सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला त्यांचाच चेहरा लेझर मशीनवर पत्र्यात कापून द्यायचा, असं त्याने ठरवलं. एकदा तरी त्यांच्या तोंडून 'कलाकार' ऐकायचंच!

बेत सोपा होता. केस, डोळे, नाक, ओठ काळ्या पत्र्याचे आणि बाकी चेहरा मोकळा, म्हणजे मागची पांढरी भिंत दिसेल. मशीनने झक्कास कापलं. पत्रा उचलला आणि खाली खणखणाट झाला.

"बाबांचं नाक कुठंय?" बायकोने विचारलं.

"खाली ट्रेमध्ये. डोळेही तिथेच आहेत."

आयुष्यभर गेटच्या जाळ्या कापलेल्या माणसाला, मोकळ्या जागेत नाक अधांतरी राहत नाही, हे सुचायला नको? दुसऱ्या पत्र्यात त्याने डोळे चष्म्याला, चष्मा कानांना आणि नाक चष्म्याला जोडलं. या वेळी फक्त तोंड पडलं.

"तोंड नसलेले बाबा!" बायको म्हणाली. "आईला आवडतील. पण बाबांना कळलं तर माझं माहेर तुटेल हो!"

आता एकच पत्रा उरला होता आणि पाहुणे तासाभरात येणार होते. ओठ नाकाला टांगायचे, तर बारीक पट्टी वाकणार. म्हणून त्याने नाकाखाली चांगली जाड पट्टी घेतली आणि ओठांची दोन्ही टोकं धरायला गालांपर्यंत नेली. ओठ पडले नाहीत. पण जन्मभर गुळगुळीत दाढी केलेल्या सासऱ्यांना ही झुबकेदार मिशी आली!

"मेलो!" जावई म्हणाला.

पाहुण्यांसमोर भिंतीवरचा पडदा सरकला. सासरे चष्मा पुसून जवळ गेले, लांब गेले, पुन्हा जवळ आले. जावयाने माफीसाठी तोंड उघडलं, तेवढ्यात सासरेच बोलू लागले.

"चाळीस वर्षं मनात आहे माझ्या! हिच्या धाकाने ठेवली नाही. कुणाला बोललोही नाही. आणि तुम्हाला ती दिसली? याला म्हणतात कलाकाराची नजर, जावईबापू!"

जावयाचे डोळे भरून आले. जाड पट्टीचं त्याने कुणालाच सांगितलं नाही.

सहा महिन्यांनी सासूबाई तणतणत वर्कशॉपमध्ये आल्या. मागे सासरे होते. त्यांच्या नाकाखाली गालांपर्यंत पोचलेली पांढरी मिशी होती आणि तिला ते पीळ देत होते.

सासूबाईंनी मशीनकडे बोट दाखवलं.

"जावईबापू, हे माणसावर चालतं का हो?"