नापास होण्याची शिकवणी

सांगतो, पण विश्वास कुणी ठेवणार नाही. मीही ठेवला नसता. पण शाळेच्या त्या परीक्षेचा नियमच माझ्या अक्षरातला. शिवाय ज्याची गोष्ट, त्याच शिंप्याच्या दुकानात बसून सांगतोय.

आमच्या शाळेत सगळं इंग्रजीतून. ज्यांना ते कळत नाही त्यांच्यासाठी दुपारी जादा वर्ग. शिंप्याची मुलगी तेव्हा नवीनच आलेली. फळ्याकडे बघायची ती भिंतीकडे बघावं तशी. तो वर्ग मिळाला नाही तर तिचं वर्ष बुडणार होतं. शिंपी गळ्यातल्या टेपसकट धावत आला.

"मास्तर, पोरीला तेवढं त्या वर्गात बसवा."

"बसवू की! आधी तिला इंग्रजी येत नाही हे सिद्ध होऊ दे. परीक्षा आहे. इंग्रजीतून."

चाळीस प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, दहा गुणांना प्रावीण्य. पोरीने एकही प्रश्न न वाचता गोल सुबक रंगवले. अकरा पडले. 'सदर विद्यार्थिनी प्रवीण असल्याने साहाय्यास अपात्र.'

"फेरपरीक्षेला पेपर कोरा ठेव," मी अक्कल पाजळली. कोऱ्या पेपरवर पेपर तपासणाऱ्या यंत्राने 'गैरहजर' मारलं आणि बापाला नोटीस गेली. तीही इंग्रजीतून. वाचून घ्यायला तो माझ्याकडेच आला.

आता माझ्याच अब्रूचा प्रश्न. पेपर काढणारा मी, आणि आळसापायी दर वेळी तोच काढणारा. पोरीला माझ्या घरी बसवून नापास होण्याची शिकवणी सुरू केली. चाळीस चुकीची उत्तरं, पाढ्यांसारखी घोटून. महिन्याभरात ती झोपेतही अचूक चुकायला लागली.

पुढच्या फेरपरीक्षेत शून्य मिळालं! मी खुर्चीत उडालोच. तेवढ्यात यंत्राचा शेरा आला: 'ज्याअर्थी एकही उत्तर चुकूनसुद्धा बरोबर आलेलं नाही, त्याअर्थी विद्यार्थिनीस सर्व बरोबर उत्तरं ठाऊक आहेत. अतिप्रवीण.' बाकीची पोरं आधीच गोल रंगवून प्रवीण ठरलेली; शाळेत अप्रवीण असं कुणी उरलंच नाही. जादा वर्गात मोडकी बाकं रचली, शाळेला ढाल मिळाली आणि पोरीचा व्यासपीठावर सत्कार झाला. प्रमाणपत्र उलटंसुलटं करत तिने मला हळूच विचारलं, "मास्तर, यात काय लिहिलंय?"

"मग काय," मी दुकानातल्या गिऱ्हाइकांना म्हणालो, "भर सभेत उठलो आणि गरजलो, 'बंद करा ही फसवणूक! पोरीला एक वाक्य येत नाही!'"

शिंप्याने मशीन थांबवलं.

"मास्तर, थापा पुरे. उठलात खरे, पण टाळ्या वाजवायला. मीही तुमच्या शेजारीच उभा होतो, माझेही हात थांबत नव्हते. सगळी सभा उठली होती हो. टाळी वाजवत नव्हती ती एकटी माझी पोर."